ड्रुइट, माँटेग्यू जॉन

ड्रुइट, माँटेग्यू जॉन : (१५ ऑगस्ट १८५७ – डिसेंबर १८८८). इंग्लंडमधील एक बॅरिस्टर, शाळामास्तर व हौशी क्रिकेटपटू. १८८८ साली पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या व अद्याप उलगडा न झालेल्या खूनसत्रातील, म्हणजेच ‘जॅक द रिपर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या मारेकऱ्याच्या प्रकरणातील, एक प्रमुख संशयित. हयातीत त्याच्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही, आणि १८८८ सालच्या उपलब्ध पोलीस कागदपत्रांत त्याचे नाव आढळत नाही. ते या प्रकरणाशी जोडले गेले मुख्यतः स्कॉटलंड यार्डमधील अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटन याने २३ फेब्रुवारी १८९४ रोजी लिहिलेल्या गोपनीय टिपणामुळे. त्यामुळे ड्रुइटविरुद्धच्या संशयाची छाननी ही बव्हंशी त्या टिपणाचीच छाननी ठरते.

ड्रुइटचा जन्म डॉर्सेट परगण्यातील विंबॉर्न या गावी झाला. वडील विल्यम हे तेथील नामवंत शल्यवैद्य होते. विंचेस्टर येथील विख्यात शाळेची शिष्यवृत्ती मिळवून तो पुढे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला व १८८० मध्ये तृतीय श्रेणीत पदवीधर झाला. त्यानंतर लंडनच्या आग्नेयेस ब्लॅकहीथ येथील एका निवासी शाळेत त्याने शिक्षकाची नोकरी धरली आणि ती सांभाळूनच कायद्याचा अभ्यास करून १८८५ मध्ये इनर टेंपल या लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थेतून तो बॅरिस्टर झाला. क्रिकेटमध्ये त्याची गती चांगली होती. १८८४ मध्ये त्याला मेरिलबोन क्रिकेट क्लबचे सदस्यत्व मिळाले, तर ब्लॅकहीथ क्लबचा तो मानद चिटणीस व खजिनदार होता. जून १८८६ मधील एका सामन्यात त्याने लॉर्ड हॅरिस याचा त्रिफळा उडवला होता. हाच हॅरिस पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला (१८९०–९५) आणि मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस शील्ड स्पर्धा त्याच्याच नावाने ओळखली जाते.

सप्टेंबर १८८५ मध्ये वडील वारले. आई ॲन हिला तीव्र विषण्णतेचा विकार जडला व जुलै १८८८ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. ती १८९० मध्ये तेथील निगराणीतच मरण पावली.

ड्रुइटच्या अखेरच्या दिवसांचा कालक्रम वादग्रस्त आहे. ३१ डिसेंबर १८८८ रोजी चिझिकजवळ टेम्स नदीत एका नावाड्याला त्याचा मृतदेह सापडला. तो महिनाभर पाण्यात असावा, असे दिसत होते. ओव्हरकोटाच्या खिशांत दगड होते. त्यांखेरीज ५० व १६ पौंडांचे दोन धनादेश, काही रोकड, चांदीचे घड्याळ व सोन्याची साखळी, ब्लॅकहीथ ते लंडन या मार्गाचा पहिल्या वर्गाचा रेल्वे पास, आणि हॅमरस्मिथ ते चेरिंग क्रॉस अशा परतीच्या तिकिटाचा न वापरलेला अर्धा तुकडा मिळाला. त्या तुकड्यावर १ डिसेंबर ही तारीख होती. २ जानेवारी १८८९ रोजी चिझिक येथे कोरोनरपुढे (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) चौकशी झाली. बोर्नमथ येथे वकिली करणारा थोरला भाऊ विल्यम याने साक्ष दिली, की ११ डिसेंबरला एका मित्राकडून त्याला माँटेग्यू आठवडाभर कचेरीत फिरकला नसल्याचे समजले. शाळेत जाऊन पाहता, काही गंभीर प्रकरणात अडकल्याने त्याला नोकरीवरून काढून टाकल्याचे कळले. खोलीत सापडलेल्या चिठ्ठीत, शुक्रवारपासून आपलीही गत आईसारखीच होणार असे वाटू लागले आहे, अशा आशयाचा मजकूर होता. मानसिक संतुलन ढळलेल्या अवस्थेत आत्महत्या, असा निर्णय ज्यूरीने दिला.

स्थानिक वृत्तपत्राने नोकरी गेल्याची तारीख ३० डिसेंबर अशी छापली आहे. ती जुळणे अशक्य आहे, कारण त्या दिवशी मृतदेह नदीतच होता. ३० नोव्हेंबरऐवजी झालेली ही छपाईची चूक असावी, हे बहुतेक अभ्यासकांचे मत ग्राह्य वाटते. ३० नोव्हेंबर १८८८ हा शुक्रवार होता आणि चिठ्ठीतील ‘शुक्रवार’ त्याच्याशी नेमका जुळतो. तिकिटाची तारीख त्याच्या दुसऱ्याच दिवसाची आहे. थडग्यावर मात्र मृत्युदिन ४ डिसेंबर असा कोरलेला असल्याने काही जण मृत्यू तीन दिवस पुढे नेतात. क्रिकेट क्लबच्या इतिवृत्तात २१ डिसेंबर १८८८ या तारखेखाली चिटणीस व खजिनदार परदेशी गेल्यामुळे त्यांना पदावरून दूर करण्यात येत आहे, असा ठराव आहे. म्हणजे सहकाऱ्यांना तोवर खरी हकिकत ठाऊक नव्हती, किंवा निदान ती नोंदवायची नव्हती. शाळेतील ‘गंभीर प्रकरण’ कोणते, याचा कोठेही खुलासा नाही. पैशांची अफरातफर, मानसिक आजाराचा झटका, विद्यार्थ्यांशी गैरवर्तन असे निरनिराळे तर्क मांडले गेले. त्यांपैकी एकालाही समकालीन कागदाचा आधार नाही.

ज्या पाच हत्या सामान्यतः एकाच मारेकऱ्याच्या मानल्या जातात, त्यांत मेरी ॲन निकोल्स (३१ ऑगस्ट), ॲनी चॅपमन (८ सप्टेंबर), एलिझाबेथ स्ट्राइड व कॅथरिन एडोज (दोघीही ३० सप्टेंबर) आणि मेरी जेन केली (९ नोव्हेंबर) या स्त्रियांचा समावेश होतो. केलीच्या हत्येनंतर सत्र थांबले असे गृहीत धरले, तर ते का थांबले याचे उत्तर मारेकऱ्याच्या मृत्यूत शोधणे स्वाभाविक होते. ड्रुइटचा मृत्यू या चौकटीत चपखल बसला.

मॅकनॉटनचे टिपण हे ‘सन’ या लंडनच्या वृत्तपत्राने टॉमस कटबुश नावाच्या मनोरुग्णावर ठेवलेल्या आरोपाला उत्तर म्हणून तयार झाले. कटबुशपेक्षा अधिक संभाव्य असे तीन जण मॅकनॉटनने नमूद केले : ड्रुइट, कोस्मिन्स्की हा पोलिश ज्यू आणि मायकेल ऑस्ट्रॉग हा सराईत ठक. टिपणाचे दोन पाठ उपलब्ध आहेत. एक स्कॉटलंड यार्डच्या दप्तरातील. दुसरा मॅकनॉटनची कन्या लेडी ॲबरकॉनवे हिच्याकडील, जो १९५९ मध्ये उजेडात आला. दप्तरातील पाठात ड्रुइट हा डॉक्टर असल्याचे ‘सांगितले जाते’ व तो चांगल्या घराण्यातील होता, असे म्हटले आहे. त्याच्या कुटुंबीयांनाच तो खुनी वाटत होता याबद्दल, खासगी माहितीवरून, आपल्याला फारशी शंका नाही, असे पुढे येते. कन्येकडील पाठात त्याचे वय सुमारे ४१ दिले आहे आणि तेथे लेखकाचा कल उघडपणे त्याच्याकडे झुकलेला दिसतो.

या मजकुरातील चुका लहान नाहीत. ड्रुइट डॉक्टर नव्हता. मृत्युसमयी त्याचे वय ३१ होते. आणि केलीच्या हत्येच्या सुमारास तो बेपत्ता झाला हे टिपणातील विधानही टिकत नाही, कारण त्यानंतर सुमारे तीन आठवडे तो शाळेत नोकरीस होता. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत मॅकनॉटनने नाव न घेता मारेकऱ्याने १० नोव्हेंबरच्या सुमारास आत्महत्या केल्याचे लिहिले. ड्रुइटला ती तारीख लागू पडत नाही. मॅकनॉटन स्वतः हत्यांच्या काळात पोलीस खात्यात नव्हता. बंगालमधील कौटुंबिक जमीनदारीची व्यवस्था अनेक वर्षे पाहून तो मायदेशी परतला होता आणि जून १८८९ मध्ये, म्हणजे ड्रुइटच्या दफनानंतर पाच महिन्यांनी, तो स्कॉटलंड यार्डमध्ये रुजू झाला. त्याने बहुधा स्मरणावर विसंबून लिहिले असावे. परंतु टिपणातील रेल्वे पासाचा उल्लेख अचूक असल्याने मृतदेहाविषयीचा एखादा अहवाल त्याने वाचला किंवा ऐकला असणार, हेही मान्य करावे लागते.

‘खासगी माहिती’ कोणाची, हा वादाचा गाभा होय. फेब्रुवारी १८९१ मध्ये पश्चिम इंग्लंडमधील एक संसदसदस्य, मारेकरी हा एका शल्यवैद्याचा मुलगा होता व अखेरच्या खुनाच्या रात्री त्याने आत्महत्या केली, असे खात्रीपूर्वक सांगत असल्याचे वृत्त छापून आले. हा सदस्य म्हणजे पश्चिम डॉर्सेटचा प्रतिनिधी हेन्री फार्क्वारसन होय. त्याचे घर विंबॉर्नपासून फार दूर नव्हते. यावरून दोन गोष्टी संभवतात : ड्रुइट कुटुंबातील शंका खरोखर अस्तित्वात होती व ती शेजारपाजारातून फार्क्वारसनच्या कानी गेली, किंवा आत्महत्येनंतर गावात पिकलेली वदंता त्याने उचलली व तीच मॅकनॉटनपर्यंत पोहोचली. पहिला पर्याय सर्वस्वी फेटाळता येत नाही, तथापि कुटुंबातील कोणाचेही लेखी विधान उपलब्ध नसल्याने दुसरा अधिक सावध ठरतो. मॅकनॉटनने संशयित मनानेच रचला नाही, एवढे मात्र या वृत्तामुळे निश्चित होते.

परिस्थितिजन्य पुरावा दोन्ही बाजूंनी दुबळा आहे. ८ सप्टेंबरला सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर सामना खेळत होता. चॅपमनची हत्या त्याच पहाटे साडेपाचच्या सुमारास झाली असावी. १ सप्टेंबरला, निकोल्सच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तो डॉर्सेटमधील कॅनफर्ड येथे खेळला. या सामन्यांमुळे तो निर्दोष ठरत नाही, कारण मधला वेळ प्रवासाला पुरेसा होता. परंतु रात्रभर रेल्वे नसताना व्हाइटचॅपलमधून ब्लॅकहीथला परतणे, कपडे बदलणे व काही तासांत मैदानात उतरणे हे गृहीत धरावे लागते. इनर टेंपलमधील कचेरी व्हाइटचॅपलहून पायी जाण्याजोग्या अंतरावर होती, हे प्रतिपादन यावर उत्तर म्हणून केले जाते. एडोजच्या हत्येपूर्वी जोसेफ लॉवेंड या साक्षीदाराने पाहिलेला पुरुष सुमारे तिशीचा व मिशा असलेला होता. वय ड्रुइटशी जुळते, पण तो दिसायला खलाशासारखा होता असेही लॉवेंडने सांगितले. शरीरशास्त्राच्या ज्ञानाबद्दल वैद्यांतच एकमत नव्हते : चॅपमनच्या बाबतीत जॉर्ज बॅग्स्टर फिलिप्स याला कौशल्याची चिन्हे दिसली, तर केलीच्या हत्येनंतर टॉमस बाँड याने मारेकऱ्यास असे कोणतेही ज्ञान नव्हते असे नोंदवले. ड्रुइटचे वडील शल्यवैद्य असणे हा यात पुरावा मानता येत नाही.

पोलीस अधिकाऱ्यांतही मॅकनॉटनला पाठिंबा नव्हता. प्रत्यक्ष तपासात असलेला फ्रेडरिक ॲबरलाइन याने १९०३ मध्ये, टेम्समध्ये सापडलेल्या तरुण ‘डॉक्टर’विरुद्ध, तो त्या वेळी सापडला एवढ्यापलीकडे काहीही नाही, असे सांगितले, त्याचा स्वतःचा संशय विषप्रयोगाबद्दल फाशी गेलेल्या जॉर्ज चॅपमनवर होता. रॉबर्ट अँडरसन एका पोलिश ज्यूकडे बोट दाखवी, आणि डोनल्ड स्वॉन्सनच्या हस्तलिखित टिपांत कोस्मिन्स्कीचे नाव येते. ऑस्ट्रॉग तर १८८८ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात असल्याचे पुढे सिद्ध झाले. टिपणातील तीन नावांपैकी एक अशा रीतीने निकालात निघाल्यामुळे उरलेल्या दोहोंचे वजनही काहीसे घटते.

ड्रुइटचे संपूर्ण नाव १९६५ मध्ये छापून आले. त्यापूर्वी १९५९ च्या एका दूरदर्शन कार्यक्रमात केवळ आद्याक्षरे देण्यात आली होती. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या लायनेल ड्रुइट या डॉक्टर चुलतभावाने मारेकऱ्याविषयी तेथे एक पत्रक छापल्याचेही त्यानंतर सांगितले गेले. मात्र शोध घेऊनही त्या पत्रकाची एकही प्रत मिळालेली नाही.