मुलींची गोविंदा पथकं आणि १४ वर्षांची अट

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की मुंबईच्या गल्ल्या-मैदानांत दहीहंडीच्या थरांचा सराव सुरू होतो. सराव रात्रीचा, कारण दिवसभर कॉलेज नाहीतर नोकरी. मुलांच्या पथकांवर भरपूर लिहिलं जातं. मुलींची दखल मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एका फोटोपुरतीच.

चाळीतल्या जुन्या हंडीत बायकांच्या वाट्याला गॅलरीतून पाणी ओतणं तेवढं होतं. नव्वदच्या दशकात मुलींची स्वतंत्र पथकं उभी राहिली आणि पुढे उपनगरांत वाढली. त्याआधी शाळेतलं गाइड पथक होतं, लेझीम होती. पण शाळा संपली की तेही संपायचं. गोविंदा पथक वस्तीतलं, त्यामुळे दहावीनंतरही त्यातली मैत्री सुटत नाही.

या पथकांत मोठं होणं म्हणजे खाली येणं. वजनाने हलकी पोर सगळ्यात वर. वय आणि वजन वाढलं की मधल्या थरात, मग तळाला. तळाच्या मुली एकमेकींच्या खांद्यांत हात गुंफून, माना खाली घालून उभ्या राहतात. चढणारीचा पाय आधी मांडीवर, मग कमरेला बांधलेल्या ओढणीच्या गाठीवर, मग खांद्यावर. तळातलीला वरचं काही दिसत नाही. खांद्यावरचे पाय थरथरायला लागले की तिला अंदाज येतो. थर लावायचा की उतरवायचा, हे वेळेवर ओरडून सांगणारी मुलगी पथकात सगळ्यात महत्त्वाची. ती बहुधा कधीकाळी वर चढलेलीच असते. प्रशिक्षक मात्र पुष्कळ ठिकाणी अजून पुरुषच आहेत.

या रचनेला खरा धक्का दिला तो वयाच्या अटीने. ऑगस्ट २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील गोविंदांना बंदी घातली आणि थरांची उंची २० फुटांवर आणली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१६ मध्ये तीच बंधनं परत आली. २०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेलं. तिथे १४ वर्षांखालील मुलांना चढू देणार नाही, अशी हमी सरकारने दिली आणि उंचीवर मर्यादा घालायला न्यायालयाने नकार दिला. तीन वर्षांत १८, स्थगिती, पुन्हा १८, मग १४. दरवर्षी ऐन श्रावणात पथकांनी वरची मुलगी शोधायची कुठून?

लहान पोरं पडत होती, जखमी होत होती, त्यामुळे अट हवीच होती. याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण सगळी चर्चा झाली ती वरून पडणाऱ्या मुलाची. मुलींचं गणित वेगळं आहे, ते कुणी मांडलंच नाही. मुलगा चौदाव्या वर्षी पथकात आला तर घरी कुणी विचारत नाही. मुलीचं खेळणं बहुतेक घरांत नेमकं याच वयाला थांबतं: पाळी सुरू झालेली, दहावी तोंडावर, रात्री उशिरा बाहेर राहायची परवानगी नाही. दहाव्या वर्षापासून पथकात असलेलीच्या आईला सगळ्या ताया ओळखीच्या असतात, म्हणून ती पुढेही येत राहते. चौदाव्या वर्षी नव्याने येणारीसाठी मात्र घरी जाऊन विनवण्या कराव्या लागतात. लहान मुलींना थरावर न चढवता सरावाला, जमिनीवरच्या कामाला घ्यावं, हा साधा मार्ग होता. तो या वादात कधी पुढे आला नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे सार्वजनिक हंड्या झाल्या नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांना सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ मिळेल, असं सांगितलं आणि अपघातात मृत्यू झाल्यास १० लाखांची मदत जाहीर केली. नोकरीच्या घोषणेवर स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांकडून टीका झाली. राजकीय पुढाऱ्यांच्या मोठ्या हंड्यांत आता महिला पथकांसाठी वेगळं बक्षीस असतं. ते बहुतेक ठिकाणी मुलांच्या बक्षिसापेक्षा बरंच लहान असतं, आणि टी-शर्ट, बस, नाश्त्याचा खर्च मात्र दोघांनाही सारखाच येतो.