गाइडचं घर आणि गावातला होमस्टे

उत्तर व्हिएतनामच्या डोंगरातल्या सापा या शहराहून परतलेल्यांच्या पोस्टमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘दोन रात्री ह्मोंग कुटुंबात राहिलो.’ ह्मोंग ही तिथली एक डोंगरी जमात. खाली फोटो सापाजवळच्या ता वान गावाचा. अहो, ता वानच्या मध्यवस्तीत, जिथे होमस्टेच्या पाट्या एकीला लागून एक आहेत, तिथली बरीच घरं झाय लोकांची आहेत. ही जमात वेगळी, भाषाही वेगळी. ट्रेकवर वाट दाखवणारी गाइड ह्मोंग होती म्हणून झोपलो ते घरही ह्मोंग, हा हिशोब कोणी शिकवला कोण जाणे.

चालण्याबद्दल फार सांगत बसत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीचा चिखल तुडवलेल्या माणसाला सापाखालच्या मुओंग होआ खोऱ्यातली वाट नवीन नाही. सापा सुमारे 1500 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडंच खाली. तिथून भातखाचरांच्या बांधांवरून उतरायचं. थंडीमुळे भाताचं पीक वर्षातून एकदाच येतं. मे-जूनमध्ये खाचरं पाण्याने भरलेली असतात, सप्टेंबरात पिवळी होतात. बस्स.

गोंधळ होतो तो मुक्कामात, आणि त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. हरिश्चंद्रगडाखाली पाचनईत आपण ज्यांच्या ओसरीवर पथारी टाकतो, त्यांच्याच चुलीवरची भाकरी खातो आणि वाट दाखवायला त्यांचाच पोरगा येतो. सापात हे तिघे तीन ठिकाणचे असू शकतात. पॅकेज विकणारा शहरात बसलेला. गाइड रोजावर आलेली ह्मोंग बाई, लाओ चायची किंवा त्याहून वरच्या एखाद्या पाड्यावरची. घर तिसऱ्याचंच, कधी झाय कुटुंबाचं, कधी शहरातून येऊन जागा भाड्याने घेतलेल्याचं. संध्याकाळी तुम्हाला पोचवलं की अनेकदा गाइड मोटरसायकलवर बसून आपल्या घरी जाते आणि सकाळी परत हजर. तुम्ही मात्र दहा परदेशी पाहुण्यांबरोबर स्प्रिंग रोल खात ‘स्थानिक जीवन’ अनुभवत असता.

गाइडच्या स्वतःच्या घरी गेलात तर चित्र पार निराळं. ह्मोंग घर जमिनीवरच असतं, लाकडी भिंतींचं, आत मातीची जमीन. छपराखाली मक्याची कणसं टांगलेली आणि माळ्यावर तुमची गादी. चुलीचा धूर डोळ्यांत जातो, त्याला इलाज नाही. मुख्य दारासमोरच्या भिंतीवर कागद आणि कोंबडीची पिसं चिकटवलेली दिसतील. तो देव्हारा आहे, त्याला हात लावू नका. घरच्या बाईची बोटं निळी असतील, कारण भांगेच्या धाग्याचं कापड ती घरीच नीळीत बुडवते. चालता चालता तो धागा वळत जाणाऱ्या बायका वाटेतही दिसतात. दारावर हिरव्या पानांची डहाळी बांधलेली असेल तर घरात काही विधी झालेला असतो आणि बाहेरच्याने आत यायचं नसतं. अशा वेळी बुकिंगची पावती दाखवून हुज्जत घालणारे महाभाग असतात, हेही सांगून ठेवतो.

मग सगळ्याच गाइड घरी का नेत नाहीत? परदेशी पाहुणा मुक्कामाला असला की त्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. पाटी लावलेल्या होमस्टेची ती रोजची सवय असते. साध्या घराला तो सगळा व्याप नको असतो. त्यामुळे ‘घरी चल’ असं वाटेत कोणी म्हटलं तर नोंदीचं काय, हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नको म्हणा. तिला दंड आणि तुम्हाला मनस्ताप, दोन्ही कशाला?

आता दाओ या तिसऱ्या जमातीकडे वळू, कारण दुसरी चूक तिथे होते. सापाजवळच्याच ता फिन गावात ह्मोंगही आहेत आणि लाल दाओही. कपड्यांवरून ओळखणं सोपं आहे: लाल फडकं किंवा गोंडे लावलेलं डोकं आणि भादरलेल्या भुवया असल्या की दाओ. (बाक हा या गावच्या बाजारातल्या लालभडक घाघऱ्यांवाल्या बायका मात्र ह्मोंगच.) पण सापातून ह्मोंग गाइड घेऊन दाओ घरात मुक्काम केलात तर घरमालकीण आणि गाइड बहुतेक वेळा व्हिएतनामीत बोलतात, कारण एकीची भाषा दुसरीला कळत नाही. तुम्हाला जे इंग्रजीत कळतं ते तिसऱ्या हातचं. दाओंच्या औषधी स्नानाबद्दल ऐकायचं असेल तर हे फार आड येतं. रानातून आणलेला पाला उकळून केलेलं तपकिरी पाणी लाकडी पिंपात ओततात आणि तुम्ही त्यात गळ्यापर्यंत बसता. बाळंतिणीसाठीही तेच स्नान. पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसलात तर गरगरतं. त्यात कोणता पाला आहे आणि तो कुठल्या रानातून आला, हे ती गोळा करणारीच सांगू शकते.

स्वच्छतागृह, वायफाय, गरम पाणी यांवर लोक पानंच्या पानं लिहितात. होमस्टेत बहुधा मिळतं, घरात मिळेलच असं नाही, विषय संपला. शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे सारखाच त्रास: ‘भाजी’ डुकराच्या चरबीत परतलेली किंवा माशाच्या सॉसमधली निघते. ‘आन चाय’ (शाकाहारी खाणं) हे दोन शब्द पाठ करून जा आणि तरीही कढईत डोकावा. टोफू आणि चायोटे या फळभाजीच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर दोन दिवस आरामात निघतात.

बुकिंग करताना मी एवढंच विचारतो: रात्री झोपायचं ते घर कोणाचं? उत्तरात गावाचं नाव आलं तर तो होमस्टे. माणसाचं नाव आलं, आणि ते गाइडचंच असलं, तर ते घर. होमस्टेत काही वाईट नाही. पाय दुखत असतील, लहान मुलं बरोबर असतील तर मीही तेच सुचवेन. पण निवड माझ्यावर सोडलीत तर दोन गावं करण्यापेक्षा ता फिनमध्ये दाओ गाइडच्याच घरी दोन रात्री. दुसऱ्या दिवशी चालणं कमी आणि दुपारभर तिच्याबरोबर पाला गोळा करायला रानात. तेवढी सवड पॅकेजवाले देत नाहीत, त्यांना दोन रात्रींत तीन गावं दाखवायची असतात.