ऑडिओ-व्हिडिओ सिंक

चित्रफितीतले दृश्य आणि त्याचा आवाज प्रेक्षकापर्यंत एकाच वेळी पोचावेत यासाठी प्लेअर सॉफ्टवेअर जी जुळवाजुळव करते, तिला ऑडिओ-व्हिडिओ सिंक म्हणतात. जमलेले सिंक कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडले की मात्र लग्नाची शूटिंग पाहायला बसलेल्या घरात कोणीतरी लगेच म्हणते, ‘आवाज मागे पडतोय.’

फाइल एकच दिसली तरी आत चित्र आणि आवाज वेगवेगळे भरलेले असतात, आणि चित्र उलगडायला आवाजापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे चित्रफितीतल्या एकेका स्थिर चित्रावर, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधी सादर करायचा याचा वेळशिक्का मारलेला असतो. चित्र-आवाज साठवण्याच्या एमपीईजी पद्धतीत या शिक्क्यांचे घड्याळ सेकंदाला 90,000 ठोके मोजते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 3,600 ठोक्यांची होते. 48 किलोहर्ट्झच्या नेहमीच्या एएसी (आवाज दाबून साठवण्याची एक पद्धत) आवाजाचा एक तुकडा 1,920 ठोक्यांचा. पावले अशी लहानमोठी असल्याने मेळ सतत घालत राहावा लागतो.

हा मेळ घालताना बहुतेक प्लेअर आवाजालाच मुख्य घड्याळ मानतात, आणि ते योग्यच आहे. एखादी फ्रेम गळाली तर डोळा चालवून घेतो. आवाजात बारीकशी फट पडली तरी कानाला ‘टक्’ ऐकू येते. एफएफप्ले हा प्लेअर चित्र मागे राहिले तर फ्रेम टाकून देतो, पुढे गेले तर पडद्यावरची फ्रेम थोडी जास्त वेळ धरून ठेवतो. 40 मिलीसेकंदांच्या आतल्या फरकाला तो हात लावत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलीसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतो, मागे पडलेला मात्र सुमारे 125 पर्यंत जाणवत नाही. यामागे आयुष्यभराची सवय आहे. गिरणा नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत असेल तर कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. अंतर शंभर मीटर असेल तर जवळपास 0.3 सेकंदांनी. उलटे निसर्गात कधी घडत नाही, म्हणून पुढे धावणारा आवाज फार खटकतो.

खानदेशात लग्नांना आणि कीर्तन सप्ताहांना एलईडी स्क्रीन लावतात, तिथे नेमके हेच उलटे घडते. माइकचा आवाज थेट स्पीकरला जातो. चित्र मात्र कॅमेरा, मिक्सर आणि स्क्रीनचा प्रोसेसर अशा टप्प्यांतून येते. सगळे मिळून तीन फ्रेम उशीर झाला तर 25 फ्रेमच्या हिशेबाने 120 मिलीसेकंद होतात. स्क्रीन आणि स्पीकर दोन्ही व्यासपीठाजवळ असतील, तर पुढे बसलेल्यांना महाराजांचा शब्द आधी ऐकू येतो आणि स्क्रीनवर ओठ नंतर हलतात. 40 मीटर मागे बसलेल्यांपर्यंत आवाज यायलाच सुमारे 115 मिलीसेकंद लागतात, त्यामुळे त्यांना सगळे बरोबर वाटते. सगळाच आवाज उशिरा सोडला तर महाराजांना समोरून पाहणाऱ्यांची पंचाईत. स्क्रीन मागे लावून तिच्याजवळच्या स्पीकरलाच डिले देणे, म्हणजे त्याचा आवाज थोडा उशिरा सोडणे, हा चांगला मार्ग.

बिघाड दोन जातींचे असतात. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर तो सोपा: विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘के’ कळ दाबली की आवाज 50 मिलीसेकंद उशिरा येतो, ‘जे’ दाबली की तेवढाच लवकर. ब्लूटूथ स्पीकरमुळे आवाज मागे पडत असेल तर हाच उपाय. सुरुवातीला जुळलेले आणि हळद लागेपर्यंत सुटलेले सिंक मात्र कळ दाबून सुधारत नाही. तिथे दोन घड्याळांची चालच वेगळी असते. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या घड्याळांत दहा लाखांत 50 भागांचा फरक असला तरी तासाला 180 मिलीसेकंद साचतात, 29.97 फ्रेमची चित्रफीत चुकून 30 ने चालवली तर तासाला 3.6 सेकंद. मोबाइलच्या शूटिंगमध्ये फ्रेमचा वेगच कमीजास्त होतो. ती एडिटिंगला घेण्याआधी ठरावीक वेगात बदलून घ्यावी.

यात्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या काळातही हा प्रश्न होताच. 16 मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा 26 फ्रेम पुढे छापलेला असे, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या वाटेवर आवाज वाचणारा भाग लेन्सनंतर येतो. फिल्म भरताना खालची सैल वळी लहानमोठी झाली की तंबूभर ओठ आणि शब्द वेगळे पडत.

अहिराणी गाण्यांच्या शूटिंगमध्ये कलाकार वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवतात आणि स्टुडिओतला ट्रॅक नंतर चढवला जातो. जुळवणी तपासताना प, फ, ब, भ, म ही अक्षरे पाहावीत. ‘भाऊ’ किंवा ‘माय’ म्हणताना ओठ आधी मिटतात. मिटलेल्या ओठांची शेवटची फ्रेम शोधावी. ‘मा’चा ‘आ’ तिच्या पुढच्याच फ्रेमवर सुरू झाला पाहिजे.