स्ट्रिंग (पायथन)

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकूर साठवण्यासाठी असलेला मूळ डेटा प्रकार. नाव, पत्ता, पिनकोड, फाइलचे नाव, वेबपानावरचा मजकूर असे जे जे अवतरणचिन्हांत लिहिले जाते, ते पायथनच्या लेखी स्ट्रिंग असते. नेमकी व्याख्या करायची तर स्ट्रिंग म्हणजे युनिकोड कोड पॉइंटांची, एकदा तयार झाल्यावर न बदलणारी रांग. (युनिकोड ही जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी प्रमाण यादी; त्यातला एकेका चिन्हाचा क्रमांक म्हणजे कोड पॉइंट.) फक्त इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्या नवशिक्याने यातल्या ‘कोड पॉइंट’कडे काणाडोळा केला तरी बरेच दिवस निभावते. मराठी मजकूर हाताळणाऱ्याला मात्र तो पहिल्याच दिवशी आडवा येतो, म्हणून या नोंदीत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. कोडमधले अंकही इंग्रजीच लागतात. व्हेरिएबलचे, म्हणजे किंमत साठवून ठेवणाऱ्या खणाचे, नाव मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालते, त्यामुळे पुढे दिलेल्या ओळी जशाच्या तशा चालवून पाहता येतात.

स्ट्रिंग एकेरी किंवा दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात. दोन्हींत फरक काहीच नाही. मजकुरात एक प्रकारचे चिन्ह येणार असेल तर बाहेरून दुसरे वापरायचे, एवढाच हिशेब. अनेक ओळींचा मजकूर सलग लिहायचा असेल तर तिहेरी अवतरण. ओळ तोडणे, टॅब देणे यांसाठी उलटी तिरकी रेघ आणि एक अक्षर अशी जोडी वापरतात. विंडोजच्या फाइल-पत्त्यांत नेमकी हीच रेघ असल्यामुळे तिथे ती दोनदा लिहावी लागते, नाहीतर पत्त्यातला एखादा तुकडा ‘नवी ओळ’ समजला जातो आणि फाइल सापडत नाही.

अधिक चिन्हाने दोन स्ट्रिंग जोडल्या जातात, गुणिले चिन्हाने एकच स्ट्रिंग पुन्हापुन्हा लिहिली जाते. इनपुट या फंक्शनने वापरकर्त्याकडून काहीही घेतले तरी ते स्ट्रिंगच असते. त्यामुळे कुणी ५ आणि ६ टाइप केल्यावर बेरीज ११ येण्याऐवजी ५६ येते. आधी इंट वापरून संख्या करून घ्यावी लागते. तुलनेतही हीच गफलत होते. स्ट्रिंग म्हणून पाहिले तर ‘९’ हा ‘१००’पेक्षा मोठा ठरतो, कारण पायथन डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो आणि पहिल्याच चिन्हावर निकाल लावतो. इंटची एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते: त्याला देवनागरी अंक कळतात. अवतरणात ‘४५’ असे मराठी अंकांत लिहून इंटकडे दिले तरी पंचेचाळीसच मिळतात. मराठी कळफलकावरून भरलेल्या फॉर्मसाठी ही फार कामाची गोष्ट आहे.

स्ट्रिंगमधील स्थाने शून्यापासून मोजतात, आणि उलट्या बाजूने उणे एकपासून. चौकटी कंसात कोलन घालून तुकडा काढता येतो. त्यात सुरुवातीचे स्थान धरले जाते, शेवटचे धरले जात नाही. स्थान स्ट्रिंगच्या बाहेरचे दिले तर एरर येतो, पण तुकडा बाहेरचा मागितला तर पायथन मुकाट्याने जेवढे असेल तेवढे देतो. हे सोयीचे खरे, पण चूक लपवणारेही आहे.

>>> गाव = "पुणे"
>>> गाव[0]
'प'
>>> गाव[1]
'ु'
>>> गाव[::-1]
'ेणुप'

वाचणाऱ्याला ‘पुणे’ ही दोन अक्षरे दिसतात. पायथनला चार कोड पॉइंट दिसतात: प, उकार, ण आणि एकमात्रा. लांबी सांगणारे लेन हे फंक्शन म्हणूनच चार हे उत्तर देते. ‘मराठी’ची लांबी पाच भरते, तर ‘महाराष्ट्र’ची दहा, कारण ष्ट्र या एका जोडाक्षरात ष, हलन्त, ट, हलन्त, र असे पाच कोड पॉइंट आहेत. शब्द उलटा करून दाखवण्याचा जो स्वाध्याय जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये देतात, तो मराठीत असा फसतो: मात्रा पुढे येऊन पडते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते. पायथनचे यात काही चुकलेले नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक विभाग दिलेला आहे, त्यात स्वरचिन्हांना व्यंजनांपासून वेगळ्या जागा आहेत, आणि स्ट्रिंग त्या जागांचे क्रमांक ओळीने साठवते. जोडाक्षर हे पडद्यावर फॉन्ट जुळवतो. स्ट्रिंगच्या आत ते सुटेसुटेच असते.

हे नेहमीच असे नव्हते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन प्रसिद्ध केली, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षातली. पायथन २ मधील साधी स्ट्रिंग ही बाइटांची (संगणकाच्या साठवणीतल्या आठ-बिटी एककांची) रांग होती. युनिकोड मजकुरासाठी वेगळा प्रकार होता आणि दोन्हींची सरमिसळ झाली की प्रोग्रॅम ऐनवेळी कोसळे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने हा घोळ निस्तरला: स्ट्रिंग म्हणजे युनिकोड, आणि बाइट हा पूर्णपणे वेगळा प्रकार. जुने प्रोग्रॅम त्यामुळे मोडले, बरीच ओरडही झाली, पण इंग्रजीबाहेरच्या भाषांच्या दृष्टीने पायथनच्या इतिहासातला हा सर्वांत उपकारक निर्णय म्हणावा लागेल. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे.

बाइटांशी संबंध पूर्णपणे सुटलेला मात्र नाही. फाइलमध्ये लिहिताना किंवा नेटवर्कवरून पाठवताना स्ट्रिंगचे बाइट करावेच लागतात. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन. ‘महाराष्ट्र’ला म्हणून तीस बाइट. डेटाबेसमधील एखाद्या रकान्याची मर्यादा बाइटांत ठरवलेली असेल तर मराठी नाव मधेच तुटते ते यामुळे. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (स्ट्रिंगचे बाइट करण्याची पद्धत) स्पष्टपणे यूटीएफ-८ असे लिहावे. पायथन अनेकदा तिथली जुनी पद्धत गृहीत धरतो, आणि मग एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे उमटतात किंवा फाइल वाचलीच जात नाही.

स्ट्रिंग बदलता येत नाही. गाव[0] ला नवे अक्षर देऊ पाहिले तर पायथन एरर देतो. रिप्लेस, स्ट्रिप, अपर अशा सगळ्या पद्धती मूळ स्ट्रिंगला हात न लावता नवी स्ट्रिंग परत करतात. ती कुठेतरी ठेवली नाही तर केलेले काम वाया जाते. ‘रिप्लेस चालतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. (अपर आणि लोअर यांचा मराठीवर परिणाम शून्य, देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही.)

रोजच्या वापरात सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या पद्धती स्प्लिट आणि जॉइन. ‘सावित्रीबाई जोतीराव फुले’ या स्ट्रिंगवर स्प्लिट रिकाम्या कंसासह वापरले की तीन तुकड्यांची यादी मिळते. कंसात मुद्दाम एक स्पेस दिली तर वर्तन बदलते: दोन शब्दांत चुकून दोन स्पेस पडल्या असतील तर मध्ये एक रिकामी स्ट्रिंग येते आणि आडनाव तिसऱ्याऐवजी चौथे होते. जॉइन ही नवशिक्यांना उलटी वाटते, कारण ती यादीवर न चालवता जोडणाऱ्या चिन्हावर चालवायची असते; स्वल्पविराम आधी, यादी नंतर. हजारो तुकडे जोडायचे असतील तर लूपमध्ये अधिक चिन्ह वापरण्यापेक्षा जॉइनच वापरावी. अधिक चिन्हाने प्रत्येक फेरीत आतापर्यंतचा सगळा मजकूर पुन्हा नकलावा लागू शकतो.

स्ट्रिंगमध्ये व्हेरिएबलच्या किमती भरण्यासाठी २०१६ मध्ये पायथन ३.६ सोबत एफ-स्ट्रिंग आल्या. अवतरणापूर्वी एफ लिहायचा आणि महिरपी कंसात व्हेरिएबलचे नाव द्यायचे. टक्के चिन्हाची जुनी पद्धत आणि फॉरमॅट ही मधली पद्धत अजून चालतात, पण नव्याने शिकणाऱ्याने थेट एफ-स्ट्रिंगच शिकावी. आडनाव आधी घेणारी सरकारी यादी करायची असेल तर तीन तुकड्यांचा क्रम बदलणे हे एका ओळीचे काम आहे. दोन ठिकाणी मात्र एफ-स्ट्रिंग आपल्याला दगा देते. कोलन आणि स्वल्पविराम देऊन मोठी संख्या छापली तर १,२३४,५६७ अशी गटवारी होते; लाख-कोटीची १२,३४,५६७ ही मांडणी हवी तर स्वतः लिहावी लागते. आणि रकान्याची रुंदी ती कोड पॉइंट मोजून ठरवते, म्हणून ‘महाराष्ट्र’ आणि ‘गोवा’ एकाखाली एक छापले की पुढचे आकडे वाकडेतिकडे होतात. संख्या मराठी अंकांत छापण्यासाठी मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट ही जोडी नेटकी आहे: शून्य ते नऊ इंग्रजी अंकांची एक स्ट्रिंग, मराठी अंकांची दुसरी, की झाले.

तपासणीच्या पद्धतींकडे मराठी वापरणाऱ्याने जरा संशयानेच पाहावे. स्ट्रिंगमध्ये सगळी अक्षरेच आहेत का, हे सांगणारी इझअल्फा ‘नगर’ला होकार देते आणि ‘मराठी’ला नकार. कारण काना आणि वेलांटी यांना युनिकोडमध्ये अक्षर न मानता चिन्ह मानले आहे. गंमत अशी की ‘मराठी’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून पायथनला बिनतक्रार चालते. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुने शोधण्याची पद्धत; तिच्या अंगभूत मॉड्यूलमध्येही (तयार कोडच्या संचातही) हेच दुखणे आहे: शब्द वेचायला सांगितले तर ते ‘मराठी’तून ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द काढते. नावाच्या रकान्यात मराठी नाव भरले की ‘अवैध’ असा शेरा देणाऱ्या फॉर्मच्या मागे अनेकदा अशीच एखादी ओळ असते. अंगभूत ‘आरई’ऐवजी ‘रेजेक्स’ हे वेगळे मॉड्यूल बसवले तर ही अडचण दूर होते.

सर्वांत चिवट प्रश्न एकसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या असणाऱ्या स्ट्रिंगांचा. ‘दुसऱ्या’ हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो. एकात मराठीचा खास ऱ हा एकच कोड पॉइंट असतो आणि लांबी सात येते. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असतो, लांबी आठ. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (शेजारच्या अक्षरांची जोडणी कशी दिसावी हे ठरवणारे चिन्ह) असतो, तिथेही आठ. डोळ्यांना तिन्ही सारखेच. दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली की मात्र तिन्ही वेगळे, आणि शोधात एक सापडतो तर दोन निसटतात. युनिकोडडेटा या अंगभूत मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी रूप (सुटी चिन्हे शक्य तिथे एकत्र करणारे प्रमाण रूप) मागितल्यास पहिले दोन एक करून देते. तिसऱ्याला ते हात लावत नाही. जोडक सरसकट पुसून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण मग ऱ्य जाऊन त्या जागी रफार असलेला र्य उरतो. र-हलन्त-जोडक या तिन्हींच्या जागी ऱ-हलन्त ठेवणारी रिप्लेसची एक ओळ लिहावी लागते.

‘ॲप’चेही तसेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले; तोपर्यंत अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि तसे टाइप करणारे कळफलक अजून वापरात आहेत. या दोन रूपांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ येथे निरुपयोगी आहे. इथेही बदल हातानेच. शब्दांच्या टोकांना चिकटलेल्या स्पेस स्ट्रिपने जातात, पण न दिसणारे जोडक आणि विभाजक जात नाहीत, कारण ते स्पेस या वर्गातच नाहीत. चॅटमधून किंवा पीडीएफमधून नकललेल्या यादीत ते हमखास सापडतात.

क्रम लावणारे सॉर्टेड हे फंक्शन कोड पॉइंटचा क्रमांक पाहते, वर्णमाला पाहत नाही. बाराखडीच्या क्रमाशी ते बरेचसे जुळते म्हणून फसगत उशिरा लक्षात येते. ळ हा ल आणि व यांच्या मध्ये जातो, मराठी वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज मध्ये मिसळतात. ॲ उशिरा दाखल झाल्याने त्याला अंकांच्याही पुढची जागा मिळाली आहे, म्हणून ‘ॲल्युमिनियम’ हे ‘हातोडा’च्या नंतर येते. शब्दसूची किंवा मतदारयादीसारख्या कामात पायआयसीयू हे मॉड्यूल बसवून मराठीचे क्रमनियम वापरणे बरे.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर मात्र या साऱ्याच्या बाहेर राहतो. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण स्ट्रिंगमध्ये रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच असतात. फॉन्ट बदलला की नुसती अगम्य रोमन अक्षरे उरतात. त्यावर वरीलपैकी काहीही चालवण्यापूर्वी त्या त्या फॉन्टच्या तक्त्यानुसार तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यात साध्या अदलाबदलीने भागत नाही: यांतील बऱ्याच फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवायची असते, आणि जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते.