खाली म्हणजे कुठे?

सुट्टीत आलेल्या भाच्याला घेऊन ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ बघायला बसलो. विसाव्या मिनिटाला तो म्हणाला, “मामा, यात कुणी बोलणार आहे की नाही?” तक्रार रास्त होती. सुरुवातीची साधारण पंचवीस मिनिटं या चित्रपटात संवादच नाहीत. मग पेन आलं आणि कार्टं गप्प झालं.

यानात एक प्रवासी पेंगलाय, त्याचा हात अधांतरी तरंगतोय, आणि बोटांतून सुटलेलं पेन हवेत सावकाश गिरक्या घेतंय. एअर होस्टेस येते, ते अलगद पकडते आणि त्याच्या खिशात खोचते. हे १९६८ सालचं. माणूस चंद्रावर उतरायला अजून वर्षभर अवकाश होता. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या मंडळींनी काचेच्या मोठ्या तबकडीला दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने पेन चिकटवलं आणि काच फिरवली. म्हणजे ती बाई पेन पकडत नाही, काचेवरून सोलून काढते!

मला हा चित्रपट आवडतो तो एका प्रश्नासाठी: खाली म्हणजे कुठे? पृथ्वीवर हे विचारायची वेळच येत नाही. अवकाशात मात्र ‘खाली’ स्वतः तयार करावं लागतं. घाटात एसटी वळली की आपण बाहेरच्या बाजूला रेटले जातो. ते वळण संपूच दिलं नाही, तर बाहेरची बाजू हीच जमीन होते. गुरूकडे निघालेल्या ‘डिस्कव्हरी’ यानात असंच एक फिरतं चक्र आहे आणि एक अंतराळवीर त्याच्या आतल्या कडेने गोल गोल धावतो.

चित्रीकरणासाठी हे चक्र खरोखर बांधलं होतं, ३८ फूट व्यासाचं. एका दृश्यात एक जण शिडीने उतरतो आणि कडेकडेने चालत, वरच्या बाजूला जेवत बसलेल्या सोबत्यापर्यंत जातो. प्रत्यक्षात जेवणारा नट खुर्चीला पट्ट्यांनी बांधून उलटा टांगलेला होता. चालणारा तळाशीच पावलं टाकत राहिला आणि अख्खा सेट फिरून सोबत्याला त्याच्याजवळ घेऊन आला. गुरुत्वाकर्षणाला फसवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं.

आता जरा हिशोब. एवढ्या चक्रात चंद्राइतकं वजन जाणवायला एक फेरी १२ सेकंदांत व्हायला हवी. पृथ्वीइतकं हवं असेल तर ५ सेकंदांच्या आत. तसं झालं तर नुसती मान वळवली तरी गरगरेल. शिवाय डोकं चक्राच्या मध्याजवळ, पाय लांब. त्यामुळे डोक्यापाशी जाणवणारी ओढ पायांपेक्षा जवळपास ३० टक्के कमी. म्हणजे चक्र मोठं हवं. त्रिज्या १५० मीटर असेल तर मिनिटाला एका फेरीत चंद्राइतकं वजन मिळतं, आणि कुणाला चक्करही येत नाही.

असं चक्र अवकाशात अजून कुणी उभारलेलं नाही. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वजन जाणवतच नाही, आणि व्यायाम नसेल तर कंबर-मांड्यांच्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्का घटते, म्हणून रोज दोनेक तास घाम गाळावा लागतो. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांनी (तेच स्कायलॅब, जे डोक्यावर पडेल म्हणून १९७९ मध्ये आपल्याकडे धास्ती होती) उलटा मार्ग काढला. स्थानक फिरत नव्हतं, तर हेच आतल्या गोल कपाटांवरून धावले आणि धावण्याच्या वेगातूनच पायांखाली ‘खाली’ तयार केलं.

भाच्याची दुसरी तक्रार संथपणाची. पण दोन यानं एकमेकांना जोडायचं काम अवकाशात असंच चालतं. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले, तेव्हा शेवटच्या टप्प्यासाठी आखलेला वेग होता सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर. चित्रपटात एक टीव्ही मुलाखत आहे. निवेदक सांगतो की यान ८ कोटी मैलांवर आहे, आपले शब्द पोचायला सात मिनिटं लागतात, मधला वेळ कापून टाकलाय. अंतराला प्रकाशाच्या वेगाने भागून बघा, ४३० सेकंद येतात, म्हणजे सात मिनिटांच्या जरासंच वर.

चुका आहेतच. चित्रपटाचा नायक हेल्मेटशिवाय निर्वातात उडी घेतो, तेव्हा श्वास रोखून धरतो. तसं केलं तर फुप्फुसं फाटायची. श्वास सोडायला हवा होता. मात्र काही सेकंद तो शुद्धीवर राहतो, हे पटण्याजोगं आहे. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. तो साधारण १४ सेकंदांनी बेशुद्ध पडला आणि बचावला. शुद्ध हरपण्यापूर्वीची त्याची शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ उकळत असल्याची जाणीव.

दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःहूनच चित्रपट पुन्हा लावला. चंद्राकडे निघालेला प्रवासी वजनरहित अवस्थेत स्ट्रॉने जेवतो, तिथे त्याने थांबवलं, थोडं मागे नेलं, परत बघितलं.

“मामा, याने स्ट्रॉ सोडल्यावर रस खाली कसा गेला?”