काच फुटल्याचं सेन्सरला कळतं कसं, आणि आपल्या घरात ते तपासायचं कसं

बेळगावात टिळकवाडी, शहापूरमधल्या जुन्या घरांच्या खिडक्या लहान, लाकडी, आणि त्यांना जाड गज. आता गणेशपूर, हिंडलगा, तिकडं पार निपाणी-चिकोडीपर्यंत नवीन बंगले बघा, हॉलला भिंतभर सरकती काच, गॅलरीला काचेचं दार, आणि घरात बरेचदा फक्त आई-वडील, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला. मग पोरं एखादं अलार्मचं किट मागवून देतात, त्यात दाराचा चुंबकवाला सेन्सर असतो, हालचाल ओळखणारा पीआयआर असतो, एखादा कॅमेरा असतो, आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. पण कोणी काच फोडून आत शिरलं तर दार बंदच राहतंय, म्हणजे चुंबकवाला गप्प. पीआयआर आपल्या अंगातून निघणारे इन्फ्रारेड किरण ओळखतो, आणि खिडकीची साधी काच त्या लहरी आरपार जाऊच देत नाही, त्यामुळं काचेपलीकडं उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही, आत आल्यावरच दिसतो. शिवाय रात्री घरचीच माणसं पाणी प्यायला, बाथरूमला उठतात म्हणून आतला पीआयआर झोपताना बंद ठेवावा लागतो. म्हणजे माणसं आत झोपलेली आणि चोर अजून बाहेर, अशा वेळेला उपयोगी पडतो तो ग्लास ब्रेक सेन्सर, आणि वायरलेस असला तर भिंत फोडून वायर टाकायची गरज नाही.

हा सेन्सर भिंतीला लावणं अगदी थोड्या वेळाचं काम आहे. पण आपल्या खोलीत, आपल्या पडद्यांसकट तो तपासल्याशिवाय त्याच्या भरवशावर झोपू नये, हे मला मनापासून सांगायचंय. ते का, हे समजायला आधी काच फुटताना काय होतं ते बघूया.

काचेवर दगड किंवा हातोडी बसली की पहिल्यांदा काच वाकते, डफाचं कातडं दबावं तशी, आणि त्यातून एक जड, खालच्या पट्टीतला धप्प आवाज निघतो, साधारण दोन-चारशे हर्ट्झच्या खालचा. मग तडा जातो. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा आधीपासूनच असतात, आणि ताण आला की त्यातलीच एखादी पळत सुटते, हे ब्रिटिश इंजिनिअर ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये मांडलं, काच कागदावरच्या हिशोबापेक्षा इतकी कमजोर का निघते याचं उत्तर त्यांनी तिथं शोधलं. ही भेग पळते किती जोरात, तर सेकंदाला साधारण 1500 मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून जास्त, मीटरभर काच एका मिलीसेकंदाच्या आतच चिरली जाते. त्यानंतर तुकडे एकमेकांवर आपटतात, खाली पडतात, आणि त्याचा खळ्ळकन आवाज मात्र वरच्या पट्टीतला, काही हजार हर्ट्झचा.

सेन्सरच्या आत एक छोटा माईक आणि एक चिप असते, आणि चांगला सेन्सर हे दोन्ही आवाज, त्याच क्रमानं, सेकंदाच्या छोट्याशा भागात एकापाठोपाठ आले का ते बघतो. स्टीलचं ताट फरशीवर पडलं तर वरचा आवाज आहे पण त्याआधीचा धप्प नाही, वाऱ्यानं दार आपटलं तर धप्प आहे पण मागून खळ्ळ नाही, ढग गडगडला तरी तसंच. स्वस्तातले काही सेन्सर नुसता वरचा आवाज ऐकून ओरडतात, आणि अशा घरात लोक वैतागून पंधरा दिवसांत सिस्टीमच बंद करून ठेवतात, म्हणून घेताना हे दोन आवाजांचं विचारून घ्या. काचेलाच चिकटवायचे, धक्का ओळखणारे सेन्सरही मिळतात, पण ते प्रत्येक काचेला एक लागतात.

आता खोलीचं बघू, कारण सगळा खेळ इथंच आहे. मॅन्युअलमध्ये साधारण 20 ते 25 फूट रेंज लिहिलेली असते. ती कंपनीच्या चाचणीच्या खोलीतली, तुमच्या हॉलमधली नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्या हिशोबानं 100 हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साडेतीन मीटरच्या जवळपास लांब होते आणि 5000 हर्ट्झची जेमतेम सात सेंटीमीटर. लांब लहर कोपऱ्यावरून वळून जाते, सोफ्याला, कपाटाला वळसा घालते, आखूड लहर मात्र जवळपास सरळच जाते आणि जाड पडद्यात, गादीत, कार्पेटमध्ये मुरून जाते. म्हणजे एल आकाराच्या हॉलमध्ये सेन्सर कोपऱ्याआड लावला तर त्याला धप्प ऐकू येईल आणि खळ्ळ येणारच नाही, आणि दोन्ही ऐकल्याशिवाय तो बोलत नाही! म्हणून सेन्सरला काच थेट दिसली पाहिजे, शक्यतो समोरच्या भिंतीवर किंवा छतावर. दुहेरी जाड पडदे असतील तर पडद्याच्या मागच्या बाजूला, खिडकीच्या चौकटीजवळ लावावा लागतो, तसं आपल्या मॉडेलला चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघा.

स्वयंपाकघरात आणि बाथरूमशेजारी लावू नका, तिथं कुकरच्या शिट्ट्या, भांडी, वाफ. फॅनचा किंवा एसीचा वारा माईकवर येईल अशी जागा नको, टीव्हीच्या स्पीकरशेजारी नको. देवघर हॉलमध्येच असलं तर घंटेपासून लांब ठेवा.

काच कुठली आहे हेही महत्त्वाचं, आणि बांधकाम नवीन असलं तर काँट्रॅक्टरला विचारलं की कळतं. साधी काच लांब धारदार तुकड्यांत फुटते. टफन्ड काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार केलेली असते, त्यामुळं तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली असतो, ती सहज फुटत नाही पण फुटली की सगळी एकदम बारीक खड्यांत. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, तुकडे त्यालाच चिकटून राहतात, त्यामुळं खळ्ळ आवाज दबतो आणि सेन्सरची रेंज कमी होते. आपल्याकडं उन्हासाठी साध्या काचेवर काळी फिल्म लावायची पद्धत आहे, तिचाही परिणाम तसाच, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वायरलेसची बाजू सोपी आहे, पण तिथंही आपल्या भागाच्या दोन गोष्टी आहेत. सेन्सर आवाज कुठं पाठवत बसत नाही, ठरवायचं ते स्वतःच ठरवतो आणि फुटली असं वाटलं तरच हबला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, एक छोटा संदेश पाठवतो, म्हणूनच 3 व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर वर्षानुवर्षे चालतो. मधेमधे मी जिवंत आहे एवढाही संदेश देतो, तो आला नाही तर हबनं सांगितलं पाहिजे, ही सोय नसलेला घेऊच नका. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी ताकदीच्या उपकरणांना बिनपरवाना मोकळा आहे, वायफायवाले 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेतून कोणी किट आणून दिलं तर त्याची फ्रिक्वेन्सी आधी बघा, तिथले कित्येक सेन्सर वेगळ्याच पट्ट्यात बोलतात आणि ते इथं चालवायला परवानगी नसते. दुसरं म्हणजे भिंती. खानापूरकडच्या घरांना जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि पाऊसकाळ मुसळधार, जांभा पाणी पितो, आणि ओली भिंत रेडिओ लहरी जास्त खाते, त्यातही 2.4 गिगाहर्ट्झच्या जास्तच. उन्हाळ्यात काठावर मिळणारा सिग्नल जुलैत तुटू शकतो. पत्रा, लोखंडी कपाट मधे येऊ देऊ नका, आणि सेन्सर लोखंडी चौकटीवर चिकटवू नका.

बसवताना लगेच ड्रिल मारू नका. हबजवळ पेअर करा, मग ठरवलेल्या जागी डबल टेपनं तात्पुरता लावा, सिग्नलची पातळी बघा आणि मग टेस्ट मोडमध्ये टाका. काही मॉडेल त्यासाठी समोर टाळ्या वाजवायला सांगतात. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा की आज सायरन वाजणार आहे. खरी टेस्ट त्याच कंपनीच्या सिम्युलेटरनं होते, ते काच फुटल्याचा आवाज काढणारं छोटं यंत्र, बसवणाऱ्याकडं असतं, नसलं तर त्याला आणायला सांगा. ते सगळ्यात लांबच्या काचेच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्याजवळ धरायचं, आणि खोली रात्री झोपताना असते तशी ठेवायची, पडदे ओढलेले, फॅन चालू, दारं जशी असतात तशी. दिवसा पडदे उघडे ठेवून केलेली टेस्ट रात्रीच्या खोलीबद्दल काहीच सांगत नाही. दोन आवाज तपासणाऱ्या काही सेन्सरना काचेवर कापड गुंडाळलेल्या मुठीनं हलका ठोका द्यावा लागतो आणि त्याच क्षणी सिम्युलेटर वाजवावं लागतं.

मोबाईलवर काच फुटल्याचा आवाज लावून बघणारे खूप आहेत. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो धप्प नीट निघतच नाही, त्यामुळं सेन्सर गप्प राहिला म्हणून खराब ठरत नाही, आणि वाजला म्हणून खऱ्या वेळेला वाजेलच असंही नाही. खरी काच फोडून बघायच्या भानगडीत तर पडूच नका.

मग उलटी टेस्ट, जी बसवणारे लोक गडबडीत सोडून देतात. सेन्सर नेहमीच्या मोडमध्ये ठेवून घंटा वाजवा, ताट पाडा, कुत्रं असेल तर भुंकू द्या, दार आपटा. वाजला तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी कमी करा आणि लांबच्या काचेची टेस्ट परत घ्या, जिथं लांबची काच अजून पकडली जाते आणि ताट पकडलं जात नाही ती सेटिंग ठेवा. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा गणपती विसर्जन ज्यांच्या दारावरून जातं त्यांनी अजून एक करा, डीजेच्या दणक्यानं ढिल्या काचा थरथर वाजतात आणि त्यातून खोटा अलार्म होऊ शकतो, म्हणून रबर बीडिंग किंवा लांबी (पुट्टी) घालून काचा घट्ट करून घ्या. सेन्सर बंद करून मिरवणुकीला जाणं बरं नाही, घरं रिकामी असतात ती त्याच रात्री.

शेवटी पूर्ण साखळी तपासा. सायरन वाजला का, पुण्यातल्या पोराच्या फोनवर आलं का, आणि मेन स्विच बंद करून परत एकदा तेच, कारण लाईट गेल्यावर सेन्सर त्याच्या बॅटरीवर चालू राहतो पण हब आणि राऊटरला इन्व्हर्टर नसला तर त्याचं ऐकणारं कोणी नसतं. नवीन पडदे, नवीन सोफा, बॅटरी बदल, यातलं काहीही झालं की टेस्ट परत, आणि पावसाळ्यात एकदा वेगळी.

कडी उचकटून खिडकी सरकवली, कटरनं हळूच काच कापली किंवा लुव्हरच्या पट्ट्या एकेक करून काढल्या तर हा सेन्सर ऐकणार नाही, फुटलंच नाही तर आवाज कुठला. जुन्या खिडक्यांची फूटभरापेक्षा लहान तावदानंही बऱ्याच मॉडेलच्या हिशोबात नसतात. त्यामुळं ग्रिल आणि चुंबकवाला सेन्सर दोन्ही राहू द्यात. आणि घरातल्या मोठ्यांना एवढं सांगून ठेवा की रात्री सायरन वाजला तर काय झालं ते बघायला खिडकीशी जायचं नाही, खोलीचं दार आतून लावायचं, 112 ला फोन करायचा, मग शेजारी. बाहेर यायची वेळ आलीच तर पायात चप्पल घालून, कारण टफन्ड काचेचे खडे सगळ्या हॉलभर उडालेले असतात.