कृत्रिम पाय घालणाऱ्याच्या बाजूने बोललं कोण? थोडी पार्श्वभूमी

नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रनचा (तिचा एक पाय कृत्रिम आहे) ऑक्टोबर 2021 चा व्हिडिओ आठवतोय? विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून वैतागून तिने थेट पंतप्रधानांना विनंती केली होती, की ज्येष्ठ नागरिकांना असतं तसं एखादं कार्ड आम्हालाही द्या. विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली, दोन दिवस चर्चा झाली, संपलं. मी प्रोस्थेटिक्समध्ये, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवून बसवायचं काम करते (नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे फिजिओच ना?" नाही हो), आणि आमच्याकडे तेव्हा दिवसभर हाच विषय होता, कारण तो पाय काढणं म्हणजे चप्पल काढणं नाही, चारचौघांत कपडे वर करायचे, सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा खोबणीसारखा भाग) काढायचं, मग परत स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, नीट बसवायचं, आणि मागे रांगेतले लोक बघतायत.

पण हे भांडण जुनं आहे. आपल्याकडे कृत्रिम अवयवांचं मोठं काम सुरू झालं ते सैन्यामुळे, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी 1944 मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर निघालं. मग 1955 मध्ये मुंबईत हाजीअलीची अपंगांच्या पुनर्वसनाची संस्था आली. पाय मात्र परदेशी धर्तीचे. आत लाकडाचा कडक भाग, टाचेला मऊ पॅड, वर बूट घालायचाच. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ठीक, पण शेतात, चुलीपुढे, देवळात, संडासात काय करायचं? ना उकिडवं बसता येतं ना मांडी घालता येते. मग पेशंट पाय घेऊन घरी जायचा, चार दिवसांनी कोपऱ्यात टेकवून ठेवायचा आणि परत कुबडी. आणि आपण म्हणणार पेशंट ऐकत नाही!

जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी ही तक्रार मनावर घेतली. शर्मा म्हणजे मास्टरजी, कारागीर माणूस, शाळा फार शिकलेले नाहीत. पंक्चर काढायला गेले असताना टायर रिट्रेड होताना (जुन्या टायरवर नवं रबर चढवताना) बघून त्यांना व्हल्कनाइज्ड, म्हणजे तापवून टिकाऊ केलेल्या रबराची कल्पना सुचली असं सांगतात. 1968 च्या सुमारास जयपूर फूट तयार झाला, दिसायला पायासारखाच, अनवाणी चालतो, चिखलात चालतो, मांडी घालू देतो. पेटंटही घेतलं नाही. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे मिळाला, मास्टरजींच्या वाट्याला त्या मानाने काहीच आलं नाही, आणि मला हे अजूनही खटकतं, कारण आमच्या धंद्यात आजही हेच चालतं, हात कुणाचे आणि नाव कुणाचं.

गंमत म्हणजे एवढा चांगला पाय असून 1975 पर्यंत तो जेमतेम 59 जणांना बसवला गेला होता. मग आले डी. आर. मेहता, आयएएस अधिकारी, हेच पुढे सेबीचे चेअरमन झाले. 1969 मध्ये अपघातात त्यांचाच पाय जाता जाता वाचला होता. त्यांनी 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि बदल केला तो पायात कमी, व्यवस्थेत जास्त. पेशंट रात्री-अपरात्री आला तरी आत घ्यायचा, राहणं-जेवण फुकट, पाय फुकट, आणि शक्य तितक्या लवकर चालत घरी. मजुराला पाच फेऱ्या मारायला लावल्या की त्याची पाच दिवसांची मजुरी बुडते हे ज्याला कळलं, तो माझ्या मते पेशंटचा खरा वकील. (पाय बसवायच्या शिबिरांबद्दल मात्र माझी एक तक्रार आहेच. स्टंप काही महिन्यांत बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, आणि तोवर शिबिर कधीच उठलेलं असतं.)

आमची म्हणजे प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणाऱ्या) लोकांची बाजू फार उशिरा आली. 1992 च्या कायद्याने आमच्यासारख्यांची नोंदणी करणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलला अधिकार मिळाले, रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस करायची नाही असं ठरलं. तरीही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि आम्ही माप घ्यायचं, हाच शिरस्ता, कृत्रिम गुडघा कुठला हवा हे पेशंटला विचारायचं बऱ्याचदा राहूनच जातं.

आणि पेशंट स्वतः? अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे डिसेंबर 1995 मध्ये अपंगांसाठीचा कायदा संसदेत पास झाला. त्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या नव्या कायद्यात 21 झाले. नोकरीतलं आरक्षणही 3 टक्क्यांवरून 4 वर गेलं.

विमानतळाचा विषयही असाच कोर्टात पोचला. सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) असलेल्या जीजा घोष यांना 2012 मध्ये विमानातून उतरवलं होतं, त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 2016 मध्ये जिंकल्या. त्याच प्रकरणात पुढे डिसेंबर 2021 मध्ये, म्हणजे सुधा चंद्रनच्या व्हिडिओनंतर दोनच महिन्यांत, कोर्टाने म्हटलं की माणसाचा मान राखायचा तर तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत.